पैसे देऊन पाणी पिणारी विहीण

४ एप्रिल

चौथीची शाळा सुटली तेव्हापासून मी काही लिहिलं नाही. आता लिहायला बसले कारण विहिणीला नावं ठेवायला मला घरात जागाच उरली नाही. सून मोहिनी तिचीच लेक, तिच्यापुढं बोलता येत नाही. लेक बजरंग केज-अंबाजोगाई जीप चालवतो, घरी आला की जेवतो आणि आडवा होतो. शेजारणीला सांगावं तर चहा निवायच्या आत विहिणीच्या कानावर. म्हणून ही वही. खतवाल्यानं फुकट दिलेली, पानापानावर कपाशीचं बोंड छापलंय.

विहीण अजून यायची आहे. पण येणार म्हणून कळलंय, तेवढं पुरे.

झालं असं की मोहिनीला लग्नाच्या नवव्या वर्षी दिवस गेलेत. याआधी दोनदा हातचं गेलं. या वेळी अंबाजोगाईच्या डॉक्टरणीनं बजावलं, बाळंत होईपर्यंत खाटेवरून उठायचं नाही. मग किराणा दुकान कोण बघणार? दुकान मोहिनीचं आहे, घराच्या पुढच्या खोलीत एका फळीवरून तिनं उभं केलं. लेकरू होईना तेव्हा बाया घरी येऊन बोलायच्या. ती म्हणायची, आत्याबाई, घरात बसून ऐकण्यापरीस गल्ल्यावर बसून ऐकते, निदान साबण तरी खपतो.

बजरंग म्हणाला, "माय, तुझ्यानं दुकान व्हायचं न्हाई. तू गिऱ्हाइकाच्या अंगावर जातीस. खोली गल्लीतल्या पप्पूला देऊन टाकू, मोबाईलचं दुकान टाकायचं म्हणतोय."

मोहिनीनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

मी म्हटलं, "ती लेकरू घिऊन उठंपर्यंत मी चालवते."

"बघू. ज्या दिवशी शटर खाली राहील, त्या दिवशी पप्पूला चावी."

"दे. अन् त्या दिवसापासून जेवायबी पप्पूकडंच जा."

७ एप्रिल

विहीण आली. छबुबाई. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण मोहिनीला हलवायचं नाही, म्हणून माहेरच उठून इकडं आलं. घाटनांदूरकडच्या वाडीवर हिची शेरडं असतात. शेरडं तिकडं ठेवली आणि काठी घेऊन आली.

हिची एक रीत आहे. लेकीला लेकरू होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, अन्न तर लांबच. आमच्यातही होती ही रीत. पण माझ्या अंजनाचं लग्न झालं तेव्हा मी महिन्याच्या आत तिच्या घरी पुरणपोळी खाऊन आले. आता अंजनाला दोन लेकरं आहेत, माझ्या पोळीनं कुणाचं काही अडलं नाही. छबुबाईनं मात्र रीत दातात धरली आहे. नऊ वर्षं झाली, येते, ओट्यावर बसते, आपल्या बाटलीतलं पाणी पिते, जाते. आता राहायला तिच्या भावाकडं, हरिबाकडं, आमच्याच गल्लीत. भाकरी तिथून फडक्यात बांधून आणते.

मी विचारलं, "दुकानात कावून बसता? हे बी लेकीचंच घर."

काठीवर हनुवटी टेकवून तिनं बराच विचार केला. मग म्हणाली, "पडद्याच्या आत लेकीचं घर. पडद्याच्या भाईर बाजार. बाजारात पैसं टाकून खाल्लं तर कुनाच्या घरचं खाल्लं असं हुत न्हाई."

दिवसभर माझ्याबरोबर पुड्या बांधल्या. दिवेलागणीला काउंटरला वळसा घालून पुढं आली आणि गिऱ्हाईक होऊन उभी राहिली.

"शेंगदाणे कसे दिले?"

मी म्हटलं, "इहीनबाई, सकाळपासून तुमीच लोकांना भाव सांगताय."

"ते लोकांना. मला तुमी सांगा."

भाव सांगितला. लई होतो म्हणाली. खाऊन बघता येत नाही, फुकटचा दाणा लेकीच्या घरचा होतो, म्हणून हुंगून बघितले. हुंगून सांगितलं की खवट आहेत. मग घासाघीस करून घेतले आणि ओट्यावर बसून सगळे खाल्ले.

१२ एप्रिल

ही बाई माझं दुकान बुडवणार.

तेलीगल्लीची एक नवी सून तूरडाळ मागायला आली. मी म्हटलं, डाळ चांगली आहे, पटकन शिजते. छबुबाई माझ्या शेजारी बसून, माझ्याच काउंटरवर हात ठेवून म्हणते, "शिजती. सकाळी ठिवली की दिवेलागणीला शिजती."

"इहीनबाई, तुमी दुकानातल्या का गिऱ्हाइकातल्या?"

"मी पैसं दिऊन नेली. मी गिऱ्हाईक. गिऱ्हाइकानं बोलू नाय का?"

"मग गिऱ्हाइकानं काउंटरच्या पलीकडं जाऊन बोलावं!"

ती उठली, वळसा घालून पलीकडं गेली, त्या पोरीशेजारी उभी राहिली आणि तेच पुन्हा बोलली. मग परत आत येऊन बसली. ती पोर हसत राहिली. डाळ घेतली, वर तांदूळ, पोहे आणि केसाचं तेलही घेतलं. डाळीला नावं ठेवल्यावर कुणी डाळ घेतं का? आजकालच्या पोरींचं मला कळत नाही.

२० एप्रिल

आखितीची गर्दी. गुळाची अर्धी पोतडी संपली. गिऱ्हाईक ही काय चीज आहे ते आज मनापासून लिहिते.

एक बाई फोनवर बोलत येते. "साखर," म्हणते. मी साखर घेते. "न्हाई गं, तुला न्हाई म्हनले," म्हणते. मला की फोनला? एकजण सगळ्या बरण्यांचा भाव विचारतो, मान हलवतो आणि आगपेटी घेतो. एकीला पिशवी पाहिजे. घरून आणायची तर लाज वाटते, फुकट मागायची वाटत नाही. एक म्हातारा रोज येऊन सांगतो की शेजारच्या दुकानात खोबरं स्वस्त आहे. मग तिकडं कावून जात नाहीस बाबा? म्हणतो, तिकडं बसायला ओटा न्हाई.

आणि तो बोलणारा डबा. फोनमधून पैसे टाकले की डब्यातून बाई बोलते, आले म्हणून. आज गॉगल घातलेला एकजण दोन पिशव्या भरून फोन नाचवत म्हणाला, टाकले पैसे. डबा गप्प.

"डबा बोलला न्हाई," मी म्हटलं.

"डबा बिघडला असंल आजी. हे बघा, फोनवर आलंय."

मला फोनवरचं काय कळतंय. तेवढ्यात छबुबाईनं बसल्या जागेवरून काठी दारात आडवी धरली. "मला बी वाचता येत न्हाई बाबा. पर डबा बोलल्याबिगर हितून शेरडूबी भाईर जात न्हाई."

ओट्यावरच्या बाया हसायला लागल्या. गॉगल काढला त्यानं. फोनवर दोनदा बोट मारलं आणि डबा बोलला.

हल्ली ओट्यावर बाया लई बसतात. घेतलं तरी उठत नाहीत. ऊन आहे, सावलीला बसत असतील.

२ मे

आज नको ते झालं.

दुपारी अंगाची लाही होत होती. छबुबाईच्या बाटलीतलं पाणी संपलं होतं. मी म्हटलं, आमच्या माठातलं घ्या, कोण बघतंय. म्हणाली, मी बघते की. हरिबाकडं पाणी आणायला उठली आणि दारातच खाली बसली. डोळे पांढरे. काठी गडगडत रस्त्यावर.

मी काय करावं? पडद्याच्या आत गेले, माठातलं पाणी घेतलं, साखर-मीठ टाकलं, लिंबू पिळलं आणि तिच्या तोंडाला लावलं. घटाघटा प्यायली. तांब्या रिकामा झाला. मग डोळे उघडले, आधी तांब्याकडं बघितलं आणि मग माझ्याकडं.

"कुटलं पानी हाय?"

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. ही बाई नऊ वर्षं लेकीच्या पोटासाठी तहानलेली राहिली. आणि आज, पडद्याच्या आत तिची लेक सातव्या महिन्यात पडून आहे.

मी म्हटलं, "समोरच्या आदिनाथच्या हाटेलातलं. साखर अन् लिंबू दुकानातलं. त्याचं पैसं द्यावं लागतील."

"किती?"

मी भाव सांगितला. जरा चढवूनच सांगितला, खरं वाटावं म्हणून.

"येवढं? लिंबू काय सोन्याचं हुतं?"

भांडली म्हणजे जीव जागेवर आला. कमरेची पिशवी सोडून पैसे दिले. मग म्हणते, "हाटेलच्या पान्याला वाळ्याचा वास कसा काय?"

वाळा आमच्या माठात असतो. मी म्हटलं, "आदिनाथ बी आता टाकायला लागलाय."

"बरं झालं. चांगलाय मानूस," म्हणाली आणि काठी आणायला गेली.

फसली. भोळी आहे.

३ मे

रात्री झोप नाही. मी असल्या गोष्टी मानत नाही. मांजर आडवं गेलं तर मी मांजराला शिव्या देते, माघारी फिरत नाही. पण पहाटे उठून मोहिनीच्या पोटावर हात ठेवून बघितला. लेकरानं आतून लाथ मारली. माझ्यावर गेलेलं दिसतंय.

आदिनाथला जाऊन सांगितलं की माठात वाळा टाक. का म्हणाला. म्हटलं, सांगितलं तेवढं कर.

११ मे

पप्पू टेप घेऊन माप घ्यायला आला. बजरंगनं अजून होय म्हटलेलं नाही, तरी हा आला. एक टोक कुठं धरायचं म्हणून छबुबाईच्या हातात दिलं. हिनं टोक धरलं आणि गिऱ्हाईक आलं की सोडलं. टेप सर्रकन पप्पूच्या बोटावर. पुन्हा धरलं, पुन्हा सोडलं.

"मामी, नीट धरा की."

"धरते की बाबा. पर मी मजूर मानूस न्हाई, गिऱ्हाईक हाय. गिऱ्हाइकाला काम सांगतोस व्हय?"

मी म्हटलं, "पप्पू, आमच्या दुकानात मोकळ्या हातानं उभं ऱ्हायची सोय न्हाई. काय पायजे?"

माप घ्यायला आला आणि खराटा घेऊन गेला.

मोहिनीचा खोकला वाढलाय. हल्ली दुपारभर पडद्याच्या आतून आवाज येतो, तोंडात पदर कोंबल्यासारखा. छबुबाई आणि मी भांडायला लागलो की जास्तच. आज आत गेले तर डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत खोकलेली. अडुळशाचा काढा करून दिला. म्हणाली, "आत्याबाई, काढा नको, तुमी भाईर जा अन् मायला पुन्हा तूरडाळीचं विचारा." तापात बडबडल्यासारखं बोलते. कपाळ मात्र गार आहे.

२१ मे

छबुबाई वाडीवर गेली, शेळी व्यायली म्हणून. बरं झालं. चार दिवस कान थंड.

२३ मे

गिऱ्हाईक कमी. बाया येतात, आत डोकावतात. "दुसऱ्या आजी न्हाईत का?"

"त्या विकायला ठेवल्याल्या न्हाईत. काय पायजे ते बोला."

मीठ घेतात आणि जातात. ओटा रिकामा. तो खोबऱ्याचा म्हातारासुद्धा आला नाही. लग्नसराई आहे, लोक गावोगाव गेले असणार.

मोहिनीचा खोकला एकदम थांबला. काढा लागू पडला म्हणायचा. पण जेवत नाही नीट.

मला करमत नाही असं काही नाही. सुपारी या वेळची बेचव निघाली आहे.

२५ मे

आली. मोहिनीसाठी शेळीचं दूध घेऊन आली.

मी म्हटलं, "आमी बी कुनाचं फुकट घेत न्हाई. दुधाचं पैसं घ्या."

वाटलं, नको म्हणेल, रडेल. बाईनं पैसे घेतले, आणि त्याच पैशाची माझ्याकडनं साखर घेतली. वर म्हणते साखरेत मुंग्या आहेत.

ओट्यावर संध्याकाळपर्यंत बसायला जागा नव्हती. खोकला पुन्हा सुरू.

२ जुलै

सगळं आजच लिहून ठेवते.

पहाटे मोहिनीच्या पोटात कळा सुरू झाल्या. बजरंगनं जीप लावली. तिला मागच्या शिटावर निजवलं, एका बाजूला छबुबाई, एका बाजूला मी. कोपऱ्यावर आलो आणि मागं बघितलं. शटर खाली. बजरंगच्या ध्यानात नव्हतं, त्याला त्या वेळी स्वतःचं नावही आठवलं नसतं. पण मोहिनीनं बघितलं. कळ दातात दाबून तिनं माझ्याकडं बघितलं आणि मग शटरकडं.

"थांब रं," मी म्हटलं.

छबुबाई म्हणाली, "तुमी बसा. मी उतरते. माझ्यापरीस तुमाला डाक्टरशी बोलता यील."

"तुमाला शटर वर करता येत न्हाई. अन् लेक तुमची हाय. गप बसा."

उतरले. जीप गेली. मी लुगडं सावरत माघारी आले आणि शटर उघडलं.

मग दिवसभर काय विकलं ते मला विचारू नये. साखर मागितली त्याला मीठ दिलं. एकीला पोह्याऐवजी धुण्याचा सोडा बांधला, तिनंच परत केला आणि पोहे स्वतः मोजून घेतले. पप्पू आला, शटरकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि ओट्यावर बसला. बाया आल्या, घेतलं आणि गेल्याच नाहीत. ओटा भरला, मग पायऱ्या भरल्या. एरवी एवढी तोंडं एका जागी असली की कावळ्यांची सभा असते. आज फोन मी वजनकाट्यावर ठेवला होता. सगळ्यांची नजर काट्यावर.

बजरंगचा फोन लागत नव्हता. माझ्या मनात तेच पाणी. तो तांब्या. देवाला म्हटलं, खोटं मी बोलले, लिंबू मी पिळलं, जे काय घ्यायचं ते माझ्याकडनं घे. त्या दोघींचा काही संबंध नाही.

उन्हं कलली तेव्हा फोन वाजला. पप्पूनं उचलून माझ्या कानाला लावला. छबुबाई. शेरडं हाकल्यासारखी ओरडत होती.

"इहीनबाई! पोरगी झाली वो! पोरगी! दोघी चांगल्या हायत!"

"ओरडताव कशाला? फोन हाय, डोंगर न्हाई."

"रडती लई! आवाज तुमच्यावर गेलाय!"

पुढं मला वाटतं मी गुळाची ढेप फोडली. सगळ्यांना दिला. पप्पूला दोनदा. एरवी दुकानातलं असं फुकट वाटलं असतं तर मोहिनीनं मला बोल लावला असता.

९ जुलै

तिघी घरी आल्या. पोरगी काळीसावळी आहे, डोक्यावर केस दाट. मुठी आवळून येणाऱ्या-जाणाऱ्याला धमकावते. चांगली आहे.

मी ज्वारीच्या भाकरी केल्या आणि येसराचा मसाला घालून आमटी. ताट वाढलं आणि हाक मारली, "इहीनबाई, या."

छबुबाई पडद्याशी आली आणि थांबली. एक पाय आत, एक बाहेर. लेकीच्या खोलीत ती रोज जायची, पण चुलीकडं कधी आली नव्हती. कुठं बसायचं तिला कळेना. मी पाट सरकवला.

बसली. पहिला घास हातात धरून बसली. मोहिनी खाटेवरून बघत होती. मला असलं ताटकळणं सोसत नाही. मी म्हटलं, "खाताय का हुंगून बघताय?"

खाल्ला. चावला. गिळला. मग म्हणाली, "मीठ कमी हाय."

"नऊ वर्षं उपाशी असलेल्यानं मिठाला नावं ठिवू नयेत."

"नऊ वर्षं वाट बघितली म्हून तर बोलते. मला वाटलं, काय आमटी असंल, काय आमटी असंल!"

मोहिनीला खोकला आला. तेव्हा मी तिच्याकडं नीट बघितलं. खोकत नव्हती. हसत होती. हे असं कधीपासून चाललंय कुणास ठाऊक. माझा अडुळसा फुकट गेला.

छबुबाईनं चार भाकरी खाल्ल्या. वर दोन तांबे पाणी प्यायली, माठातलं. पिऊन झाल्यावर तांब्याचा वास घेतला आणि म्हणाली, "आदिनाथच्या हाटेलातल्यावानीच हाय की." भोळी ती भोळीच.

१३ जुलै

एक चांगलं गिऱ्हाईक कायमचं गेलं. कालपर्यंत दाणा दाणा विकत घेणारी बाई आता येता-जाता बरणीत हात घालते. शेंगदाणे, फुटाणे, गूळ, खारीक. बरणीच्या झाकणाचा आवाज दिवसभर.

"इहीनबाई, पैसं?"

"कशाचं पैसं? नातीचं दुकान हाय."

"नात अजून मान धरत न्हाई!"

"धरंल की. तवर मी राखते."

बजरंगनं पप्पूला सांगून टाकलं, खोली मिळणार नाही, दुसरीकडं बघ. पप्पू म्हणाला, मला ठाऊकच होतं, आणि जाताना खोबरं घेऊन गेला. मोहिनी म्हणते सव्वा महिना झाला की गल्ल्यावर बसणार, पोरीची झोळी वर आढ्याला बांधणार. बजरंग आता ओट्यावर पत्र्याची सावली काढतोय. इतक्या बाया बसतात, उन्हात कशाला.

१६ जुलै

छबुबाई म्हणाली, आता जाते. शेरडं तिकडं वाट बघत असतील.

मी म्हटलं, "जा की. कुनी धरलंय?" मग आठवलं, उद्या अमावस्या असेल. अमावस्येला जाऊ नये. तसं सांगितलं.

"मग परवा?"

"परवा शनवार. शनवारी लेकीच्या घरनं निघू नाय."

"असं कुटं असतंय? बरं, मंगळवारी."

"मंगळवारी बाळंतिणीला सोडून जात न्हाईत."

"मग बुधवारी."

"जाशील बुधी, येशील कधी. एवढंबी ठाव न्हाई?"

माझ्याकडं बघत राहिली. तोंडात खारीक होती, ती या गालातून त्या गालात गेली. "तुमी तर असलं काय मानत न्हाई म्हनत व्हता."

"मी न्हाई मानत. लोक मानतात. उद्या लोक मला बोलतील."

"आसं. मग चांगला दिवस कंचा, ते तरी सांगा."

"कॅलेंडर बघून सांगते," मी म्हटलं.

ती आत पोरीला घ्यायला गेली. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि तूरडाळीच्या पोत्यामागं टाकलं. तिकडं कुणी जात नाही, डाळ खपत नाही.